राजाच्या दारावरचा पहारेकरी

चार माणसं रोज एकाच मशिनभोवती उभी राहिली की किस्से आपोआप साठतात. आमचं मशिन होतं बोईसर स्टेशनजवळ, बाबूभाईच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. नव्वदीतली गोष्ट. आम्ही तारापूर एमआयडीसीतल्या एकाच कंपनीतले. शिफ्ट सुटली की घराआधी पार्लर.

गेम एकच. काळ्या कपड्यातला माणूस किल्ल्यात शिरतो आणि पहारेकऱ्यांना चुकवत किंवा मारत राजाच्या दारापर्यंत जातो. दारापलीकडे काय आहे, हे बोईसरमध्ये कोणीच पाहिलं नव्हतं. आम्ही बघणारच होतो.

*

पॅकिंगमधल्या रामआसरेला लपणं कमीपणाचं वाटे. "छुप के जाना है तो आए काहे को?" म्हणत तो पहिल्याच अंगणात सगळी बटणं एकदम दाबायचा.

एकदा जॉयस्टिकच उपटून त्याच्या हातात आली. बाबूभाई बोंबलत धावला. हा एका हातात जॉयस्टिक धरून दुसऱ्या हाताने तलवार चालवतोय. "रुको सेठ, अभी मरा नहीं हूँ."

*

दामू समुद्रकाठच्या मुरबे गावचा. घरची मासेमारीची बोट, पण हा प्लांटमध्ये ऑपरेटर. तो किल्ल्यातल्या विहिरीमागे बसला की हलायचाच नाही. मागचे लोक कावायचे.

"जालं टाकल्यावर कोन बोंबलतं काय? थांबा जरा," तो म्हणायचा.

पण दुसरं अंगण आमच्यात पहिल्यांदा ओलांडलं ते त्यानेच. तोवर मागचे सगळे कंटाळून घरी गेले होते, म्हणून बघायला फक्त मी होतो.

मी दोघांकडूनही शिकलो. दामूसारखा लपायचो आणि रामआसरेसारखा मध्येच उठायचो. माझं कधी काही जमलं नाही.

*

खरे खेळाडू पवारमामा. साताऱ्याकडचे, आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन. सावलीतून असे सरकत की आम्हालाच ते पडद्यावर सापडत नसत. पण वार करायच्या वेळी हटकून पहारेकऱ्यासमोर येऊन उभे राहायचे.

"मामा, मागनं मारा ना!"

"ड्युटीवरच्या मानसाला पाठीमागनं मारायचं न्हाय."

गेटवर जोडीदाराला डुलकी लागली, तर मामा त्याच्या खुर्चीच्या पायावर काठी आपटून त्याला उठवत. साहेबांकडे तक्रार मात्र कधीच केली नाही. त्यांचा मला फार आदर वाटायचा.

*

मग बाबूभाईने मशिन विकलं. न्यायला आलेला टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर घाई करतोय. आम्ही हातापाया पडून प्रत्येकी एक शेवटचा डाव मागून घेतला. आज दार उघडायचंच.

रामआसरे पहिल्याच अंगणात मेला. दामू विहिरीमागे बसला, तर ड्रायव्हरनेच त्याला हात धरून उठवलं. माझं सांगत नाही.

मामा शेवटच्या लाइफवर राजाच्या दारापर्यंत पोचले. इथवर कोणी आलंच नव्हतं. दाराशी एकच पहारेकरी, तोही भाला टेकून चक्क झोपलेला. त्याच्या बाजूने पाऊल टाकलं की आत.

"मामा, हलू जा," दामू कुजबुजला.

या गेममध्ये भिंतीवर तलवार आपटली की आवाजाने पहारेकरी जागा होतो. मामांनी जॉयस्टिक भिंतीकडे वळवली आणि तलवार आपटली. पहारेकरी दचकून उठला आणि एका घावात त्याने मामांना संपवलं.

ड्रायव्हरने प्लग काढला. रामआसरे डोकं धरून खाली बसला.

मामांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "आत राजा झोपलाय," ते म्हणाले. "दारावर कुनीतरी जागं नको?"