बाबांच्या गाडीला मोठा टर्बो

"गाडी आता ओढत नाही. विकून टाकू," असं बाबा जेवताना म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला. गाडी म्हणजे काय मोठी नव्हे, सेकंडहँड छोटी डिझेल गाडी, मागचं एक दार भलत्याच रंगाचं. पण ती गेली तर बाबा पुन्हा खाटेवर बसतील, हे मला आणि आईला न बोलता कळलं. आईने तर वाढायचंच थांबवलं.

बाबा तीसेक वर्षं निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर जॉबर होते. म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. मग मालकाने कारखाना बंद केला आणि लूम भंगारात दिले. त्यानंतर एक वर्षभर बाबा शेलार गावातल्या आमच्या घरात खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. दाढी नाही, बोलणं नाही, जेवायला बोलावलं तर जेवायचे. त्या वर्षाची मला अजून धास्ती वाटते. पुढे कुणाच्या ओळखीने ही गाडी मिळाली आणि राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या तीन बायकांना न्यायचं-आणायचं काम त्यांनी घेतलं. सकाळी साडेसातला शेलारहून निघायचं, शिफ्ट सुटली की परत आणायचं. बाबा शर्टाला इस्त्री करायला लागले. आईशी भांडायलाही लागले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

त्यामुळे विकायचं नाव काढायचं नाही असं मी तिथल्या तिथे बजावलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात, तोंडाबद्दल कुणी तसं म्हणत नाही. गाडीला झालंय काय ते नीट सांगा म्हणून मी बाबांच्या मागेच लागले. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज यायचा आणि गाडी सुटायची. आता तो आवाज नाही, दम नाही. तिघी बसल्या की उड्डाणपुलावर गाडी रडते, रिक्षासुद्धा पुढे निघून जातात. वर्ष-दीड वर्ष रोज थोडी थोडी खाली चाललीय म्हणाले.

शिट्टी म्हणजे टर्बो, एवढं मला मोबाईलवर शोधल्यावर कळलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडीला ताकद येते. मग काय, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत मी आठवडाभर टर्बोचे व्हिडिओ बघितले. डबा एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात. तीन रस्ते होते. आहे तोच टर्बो उघडून नवीन भाग घालायचे. नाहीतर बाहेरून तसाच पण आतला पंखा मोठा असलेला घ्यायचा, त्याला हायब्रिड म्हणतात. नाहीतर सरळ मोठ्या गाडीचा टर्बो बसवायचा, पण मग क्लचपासून इंजेक्टरपर्यंत सगळंच बदलत जावं लागतं. मी एका विकणाऱ्याला फोन केला तर तो मला म्हणतो, मॅडम, घरात कुणी जेंट्स असेल तर त्यांना द्या. त्याला मी पंख्याच्या मापापासून तेलाच्या नळीपर्यंत इतके प्रश्न विचारले, की शेवटी तोच म्हणाला, विचारून सांगतो. परत फोन काही आला नाही.

मी हायब्रिडवर आले होते. बाबांना मात्र सगळ्यात मोठा हवा होता. लावायचा तर मोठाच लावू, म्हणजे आवाज येईल. त्यावरून आमची जुंपली आणि शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं मारामारी चाललीय. आमच्या घरात बोलणं असंच आहे. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून माणसं समोर येऊन, ओठ बघून, हात हलवून ओरडून बोलतात आणि तीच सवय घरात येते. एखादा पाहुणा हळू बोलला तर आई त्याला विचारते, बरं नाही का तुम्हाला?

शेवटी रविवारी आम्ही गॅरेजला गेलो. तिथले मिस्त्री म्हातारे, पांढरी दाढी, सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. मी मोबाईलमधली यादी वाचायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पहिले गाडी बघू, मग यादी बघू. मला शेजारी बसवून ते गाडी घेऊन उड्डाणपुलावर गेले. काय सांगू! गाडी जी सुटली, मी दाराचं हँडल धरलं. शिट्टी अशी स्वच्छ ऐकू येत होती, की मला वाटलं यांनी गपचूप काहीतरी बदललं. परत आल्यावर त्यांनी मशीन लावून हवेचा दाब बघितला. तोही जिथे पाहिजे तिथे.

"बेटी, टर्बो में कुछ नहीं है," ते म्हणाले. "अब भाऊ को चलाने दो."

आता बाबा चालवायला, चाचा शेजारी, मी मागे. बाबा पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले, लगेच तिसऱ्यावर, अजून वेग आलाच नाही तर चौथा. गाडी कण्हायला लागली. चाचा म्हणाले, भाऊ, इतक्यात गिअर बदलू नका. बाबांनी पाचवा टाकला. चाचांनी पुन्हा सांगितलं. बाबा रस्त्याकडे बघत राहिले. मला रागच आला. गाडी चालवताना बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे, पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला उत्तर देऊ नये? "बाबा, चाचा काय म्हणतायत!" असं मी मागून खेकसले. तरी ढिम्म. चाचांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांना गाडी परत वळवायची खूण केली.

गॅरेजमध्ये परतल्यावर बाबा फडका घेऊन बॉनेट पुसायला लागले. त्यांच्या पुढ्यात मी उभी होते. चाचा त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाऊ." मग जरा मोठ्याने, "ओ भाऊ." मग त्यांनी पाना उचलला आणि बाजूच्या रिकाम्या ड्रमवर हाणला. गॅरेजमधली सगळी माणसं वळून बघायला लागली, पलीकडचा चहावाला बाहेर आला. बाबा पुसत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

वर्ष-दीड वर्ष मी या माणसाशी रोज समोरासमोर ओरडून बोलत होते, आणि तो माझे ओठ बघून उत्तरं देत होता. आमच्या घरात बहिरा माणूस लपायला किती सोपं होतं! दिवसभर मी लोकांना विचारते, चक्कर येते का, भूक लागते का, झोप येते का. घरच्या माणसाला एकदाही विचारलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

चाचांनी मला बाजूला घेऊन समजावलं. बाबा आयुष्यभर मशीन कानाने चालवत आलेत. गाडीचा गिअरही ते शिट्टी ऐकूनच बदलायचे. आता ऐकू येत नाही, तर इंजिनावर जोर पडेल या भीतीने ते आधीच बदलतात. टर्बोला जाग यायच्या आत त्याला झोपवतात, म्हणाले. आणि मोठा टर्बो तर आणखी उशिरा जागा होतो. तो बसवला असता तर बाबांच्या हातात गाडी पार मेलीच असती, आणि आम्ही दुसऱ्या महिन्यात ती विकली असती.

हे बाबांना सांगायचं कुणी? चाचा म्हणाले, तू सांग, तुझं तोंड ते वाचतात. माझ्या मनात ती भिंत आणि ती खाट. कान गेले म्हटलं की हा माणूस किल्ली टाकेल आणि पुन्हा तिकडे तोंड करून बसेल, दुसरं काही सुचतच नव्हतं. तरीही मी त्यांच्यासमोर गेले, त्यांच्या हातातला फडका काढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता बोलले.

"बाबा, टर्बो चांगला आहे. तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडीत काही दोष नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, सुटल्यासारखं हसू आलं. मला वाटलं ती रोज थोडी थोडी जातेय, म्हणाले. त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं. मग ते हसू गेलं, त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले. घरी येऊन सरळ खाटेवर बसले.

नंतर सगळं झालं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, मशीन दिलं, मशीन लावून गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. चाचांनी डॅशबोर्डवर एक काटा बसवून दिला, इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा, म्हणजे कानाचं काम डोळ्यांनी करता येईल. टर्बो आहे तोच आहे. पण हे सगळं नंतरचं, आणि मला आठवतो तो दुसऱ्याच दिवशीचा सोमवार.

त्या सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तिघींना मी सोडेन म्हणून. बाबा येणार नाहीत असंच धरून चालले होते. तर ते साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत येऊन बसले. स्टॉपवर तिघी उभ्या होत्या. मी गाडी थांबवली, तशी बाबा उतरून त्यांच्यासमोर गेले. आवाज नेहमीसारखाच मोठा, अख्ख्या स्टॉपला ऐकू जाईल असा.

"मला ऐकू येत नाही. मला कालच कळलं. इतके दिवस मी तुमच्या जिवाशी खेळलो. आता तुम्ही दुसरी सोय बघा."

तिघींपैकी जी सगळ्यात मोठी, ती डोंगरातल्या पाड्यावरून अंधारात उतरून इथवर चालत येते. कमी बोलणारी बाई. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आमाला ठावं हाय," ती म्हणाली. बाबांना समजलं नाही असं वाटून ती पुढे आली आणि त्यांच्या तोंडासमोर सावकाश बोलली. "मागनं कंटेनर हॉर्न वाजवतो, तुमी बाजू देत न्हाय. म्हणून तर मी पुढं बसते. हॉर्न आला का तुमच्या हाताला हात लावते, मग तुमी बाजूला घेता."

बाबांना वाटायचं तिला मोठ्या गाड्यांची भीती वाटते. तसं ते घरी आम्हाला सांगायचेही, बिचारी घाबरते म्हणून.

"मग बसत कशाला होता?" त्यांनी विचारलं. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"रिक्षावाला एक मिनिट थांबत न्हाय," ती म्हणाली. "माझी पोर तापली व्हती तवा तुमी इथं अर्धा तास थांबला. आमी इसरलो न्हाय."

बाकीच्या दोघी तोवर मागे बसल्याही होत्या. एकीने शिफ्ट चुकेल म्हणून हाक मारली. मोठीने पुढचं दार उघडलं, स्टिअरिंगवर मला बघितलं आणि बाबांच्या दंडाला धरून त्यांनाच पुढे बसवलं. पोरीला रस्ता दाखवा, म्हणाली, आणि स्वतः त्यांच्या मागच्या सीटवर बसली.

बाबांना पट्टा लावता येईना. डोळे भरले होते, खाच दिसत नव्हती. मी गाडी सुरू करायची थांबले. तिने मागून हात घातला, पट्टा ओढून लावून दिला आणि मला म्हणाली, "चल बाय, उशीर झाला."