सावकाश या

आमच्या खानदेशात फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणसाला फक्त 'जरा बरं नसतं'. खरं काय ते तुम्ही दारात पोचल्यावर, हातात पाण्याचा तांब्या देऊन सांगायचं, ही आमची रीत. आई गेली तेव्हा वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मला एवढंच सांगितलं होतं की आईला जरा बरं नाही, सावकाश ये. मी खरंच सावकाश गेले. गाडीत बसण्याआधी उधना स्टेशनवर थांबून तिच्यासाठी मोसंबी घेतली. ती पिशवी घेऊन अंगणात शिरले आणि मला पाहून बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या मोसंब्यांचा राग माझ्या मनातून बरीच वर्षं गेला नाही.

गेल्या महिन्यात इकडे गुजरातेत, भेस्तानच्या घरी साड्यांना लेस लावत बसले होते. मध्येच मोबाईल पाहिला, तर गावाकडच्या भावाच्या स्टेटसला आप्पांचा एकट्याचा फोटो. खाली एक अक्षर नाही. म्हाताऱ्या माणसाचा असा मुका फोटो दिसला की आमचे लोक काय ते समजतात. मशीन तसंच सोडून भावाला तीनदा फोन केला. उचलेना. मग भावजयीला लावला.

"घरी सगळे बरे ना?" मी विचारलं. रीत माझ्याही अंगात मुरलेली.

"हा ताई. तुम्ही सावकाश या," ती म्हणाली आणि फोन तुटला.

रविवारी मी गावी जाणारच होते, ती त्याबद्दल बोलत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि भोकाड पसरलं.

शेजारची गुजराती मासी धावत आली. फोटो बघून तिने सरळ विचारलं, "बापूजी ऑफ थई गया?" त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला असंच म्हणतात, दिवा बंद केल्यासारखं. मला तिचा संताप आला. म्हटलं, अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

"पण तें पूछ्युं?" ती म्हणाली.

मी विचारलंच नव्हतं. पुन्हा भावाचा नंबर लावला आणि पलीकडून हॅलो यायच्या आत जन्मात पहिल्यांदा रीत सोडली. "आप्पा ग्यात का रे?"

पलीकडून खुद्द आप्पांचा आवाज आला, "मी शे वं माय. कोठे जासू?"

शे म्हणजे आहे. आप्पा आहेत. सुटले बाई, असं मोठ्याने म्हणाले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मासीने पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले.

झालं होतं एवढंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर भावाने आप्पांना मोटरसायकलवर तालुक्याला नेऊन नवा चष्मा घेऊन दिला, दुकानाबाहेर फोटो काढला आणि हौसेने स्टेटसला टाकला. घरी पोचल्यापासून फोन थांबेनात, म्हणून त्याने वैतागून मोबाईल आप्पांच्याच हातात दिला होता. इकडच्या कोसाडपासून पर्वत पाटियापर्यंत राहणाऱ्या आमच्या भाऊबंदांचे फोन येऊन गेले होते.

"जो तो सगळा बरा शेतस ना इचारस," आप्पा कुरकुरले. "मी शे का नही, कोनीच इचारत नही."

त्यांना तेव्हा मी मोसंब्यांचं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

"मीच सांगं व्हतं तुले, सावकाश ये," ते म्हणाले. "माले सांगता उनं नही."

त्यांना सांगता आलं नव्हतं. माझा राग त्यांच्यावर होता, हे मलाही तेव्हाच कळलं. आणि तो गेला.

भावाला मी दम भरला, फोटो टाकशील तर खाली चार शब्द लिही, आणि काही झालंच तर पहिल्या वाक्यात सांग. रविवारी उधना स्टेशनवर मोसंबी घेतली, आईनंतर पहिल्यांदाच. आप्पा नवा चष्मा लावून अंगणात उभे होते. मी फाटकाशी असतानाच त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मी शे."