दोन कड्या सोडून

यांना पक्षाघाताचा हलका झटका आला, त्याला वर्ष होत आलं होतं. ‘हलका’ हा शब्द डॉक्टरांचा. मी तेव्हापासून रात्री यांच्या श्वासाकडे कान लावून झोपायची. बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला की मी दाराशी जाऊन उभी राहायची. हे मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, “कुछ नहीं हुआ, भिया! एकदम फर्स्ट क्लास.” तेव्हा डावा हात मांडीवर निपचित असायचा.

हळूहळू त्या हाताची बोटं ब्रेक दाबण्याइतकी सुधारली, पण अंगठ्यात जोर आला नाही. आणि यांच्या माउंटन बाइकचे पुढचे गिअर बदलायला नेमका तो अंगठाच लागतो. खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं होतं. सायकल आता भिंतीला टेकून राहील, आणि हेही माझ्या नजरेसमोर राहतील. पण हे गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. पुढच्या तीन दातेरी चकत्या काढून एकच बसवायची, मागे मोठ्या चकत्यांचा संच घालायचा आणि सगळे गिअर उजव्या हातात घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. सामानही मागवून मोकळे झाले.

“हात तुझे, डोकं माझं,” म्हणाले.

गॅलरीत जुनी चादर अंथरून मी बसले. डाव्या बाजूचा गिअरचा खटका काढला, त्याची तार ओढून काढली, नवी चकती बसवली. कोपरापर्यंत काळी झाले होते आणि मनात एकच होतं, की मी माझ्याच हातांनी यांना रस्त्यावर पाठवायची तयारी करतेय.

मग नवी चेन. हे खुर्चीतून सांगत होते, “नीट माप हं. चेन छोटी पडली आणि मागच्या मोठ्या चकतीवर टाकली, तर डिरेलर ओढून तुटतो आणि सीधा स्पोक्समध्ये जातो. चाक जाम!” डिरेलर म्हणजे मागे लोंबणारा, चेन या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा भाग. “पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सगळ्यात मोठीवरून गुंडाळ. जिथे टोक मिळतं, तिथून दोन कड्या सोडून काट. सिम्पल है.”

टोक जुळलं तिथे मी बोट ठेवलं, दोन कड्या अलीकडे आले आणि चेन तोडली. ती जोडून झाल्यावर मी मागचं चाक उचलून धरलं आणि यांनी पेडल फिरवून लहान चकत्या तपासल्या. माझे हात भरून आले. “बाकीचे रस्त्यावर बघीन,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अंघोळ करून बाहेर आले तर सायकल जागेवर नव्हती. “रालामंडलच्या टेकडीचा चढ बघून येतो म्हणाला,” सासूबाई म्हणाल्या. त्या कचोऱ्यांचा पुडा उघडत होत्या. मी धास्तीतच, नकळत एक उचलली तशी म्हणाल्या, “खा, पण त्याच्यासाठी दोन सोड.”

मी कचोरी तशीच खाली ठेवली. माझं माहेर साताऱ्याचं. तिथे सोडलं म्हणजे गेलं. इथे सासरी, हिंदीच्या शेजारात, सोडणं म्हणजे मागे ठेवणं. इतकी वर्षं या घरात कचोऱ्या सोडल्या, लाडू सोडले, कधी चूक झाली नाही; पण हातात चेन आल्यावर माझं माहेरचं मराठी आडवं आलं. यांनी दोन कड्या जास्त ठेवायला सांगितल्या होत्या. मी दोन कमी केल्या होत्या. आणि चढावर हे मोठी चकती लावणारच.

फोन लावला. वाजत राहिला. ओल्या केसांनीच स्कूटर काढली. पलासियाच्या सिग्नलला पुन्हा लावला, बायपासला पुन्हा. कोणी उचलेना. रस्त्याकडेला चार माणसं उभी दिसली की मी ब्रेक दाबायची. आधी भलतंच दिसायचं, मग तिथला चहाचा ठेला दिसायचा.

चढाच्या पायथ्याशी हे दगडावर बसले होते. सायकल शेजारी आडवी. स्कूटर कशीबशी उभी केली आणि तोंडातून ओरडच निघाली, “अहो, चेन छोटी आहे!”

“माहीत आहे. बायपासच्या पुलावर चढतानाच कळलं. मोठीच्या आधीच्या चकतीवर डिरेलर एकदम ताणला. मग नाही टाकली मोठीवर.”

“मग फोन का नाही उचलला?”

“उचलला असता तर तू म्हणाली असतीस, परत या. आणि मी आलो असतो.” मग हळूच म्हणाले, “मला खूप भीती वाटते गं. तेव्हापासून. परत वळलो असतो ना, तर पुन्हा निघालोच नसतो.”

वर्षभरात पहिल्यांदा हे भीतीबद्दल बोलले. मला वाटत होतं, घरात घाबरलेली मी एकटीच आहे.

“मोठीला हात नाही लावणार,” म्हणत हे उठले आणि सायकलवर बसले. चला घरी, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात यांच्या हेल्मेटचा पट्टा दिसला, दोन्ही बाजूंनी मोकळा लोंबत होता. घरापासून ट्रकांच्या गर्दीतून हे तसेच आले होते. एका हाताने तो लागत नाही, हे यांनी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

मी जवळ गेले. बक्कल दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा यांच्या हनुवटीखाली पट्टा लावला आणि बाजूला झाले.