हळद तेवढी इथली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण आता सांगायचंच, असं ठरवून बसलोय.

कळमनुरीत मी मराठी शिकवतो. हंगेरीच्या एका मोठ्या कवीवर मी निम्मं आयुष्य घालवलं — तेही हिंदी-इंग्रजी अनुवादांवरून, कारण त्याच्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही. गरिबीत वाढलेला, लहान वयात आई गेलेला, तरी मरेपर्यंत लिहीत राहिलेला तो माणूस मी जिल्हाभर व्याख्यानांतून सांगत फिरलो. लोक मला 'हंगेरीवाले सर' म्हणायचे. खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

कुरुंद्याचा जब्बार ही व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकायचा. हळदीचा छोटा व्यापारी, स्वतःही कविता करायचा. एकदा वसमतच्या कविसंमेलनात त्यानं आपल्या आईवरची कविता वाचली. ती मजुरीनं हळद शिजवायला जायची, हाताचा पिवळा रंग भाकरीला लागायचा, आणि लेकरं त्याच भाकरीसाठी भांडायची. टाळ्या थांबेनात. त्याच्यानंतर मी वाचलं. मलाही टाळ्या मिळाल्या — सभ्यपणाच्या.

जळलो मी. दुसरा शब्द नाही.

चहाच्या वेळी संयोजक म्हणाले, संमेलनाच्या पुस्तकात जब्बारची कविता पहिली घेऊ. मी हसत हसत म्हणालो, "हळद तेवढी इथली. बाकी कविता हंगेरीची आहे." तपासणार कोण? त्या कवीला वाचलेला मी एकटाच! कविता वगळली. गोष्ट जब्बारच्या कानावर गेली.

तो भांडेल, असं वाटलं होतं — भांडला असता तर बरं झालं असतं. तो घरी आला, खाली मान घालून बसला.

"असंल सर. तुमीच सांगितलं व्हतं ना त्याच्या मायचं? डोस्क्यात राह्यलं असंल. मला तर ती माझीच माय वाटून राह्यली व्हती."

आणि मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं कधीकधी," म्हणालो. म्हणजे — मी त्याला माफ केलं!

त्यानंतर त्यानं कविता लिहिली नाही.

येत्या रविवारी कुरुंद्यात माझा सत्कार आहे, त्याच कवीवरच्या कामाबद्दल. शाल घेणार नाही. माईक हातात आला की हे सगळं जब्बारचं नाव घेऊन सांगणार आहे, तो समोर असो वा नसो. त्यानं काय करावं, हे त्याचं तो बघेल. ती त्याचीच माय होती, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.