शनिवारच्या तरुण संघाचं करायचं काय?

भिलाईत वाढलेली आम्ही चार माणसं एकत्र जमलो की पहिल्या चहाला किस्से सुरू होतात आणि जेवणं उरकली तरी संपत नाहीत. त्यातले निम्मे आमच्या तरुण संघाचे. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या ख्रिस्ती मंडळीला अजून चर्चची इमारत नव्हती. कॅम्प-१ मधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी उपासना व्हायची आणि शनिवारी संध्याकाळी आम्हा चौदा ते सोळा वर्षांच्या पोरापोरींचा संघ भरायचा. पेटी वाजवायची मी.

हा संघ बंदच करावा, असं मंडळीच्या पंचमंडळातल्या वानखडे काकांचं ठाम मत. काका फाउंड्रीत फोरमन. दर सभेत त्यांचा एकच प्रश्न, "हे पोट्टे तिथं काय करून राहिले?" वर्षाअखेरच्या सभेत निकाल लागणार होता. आम्हाला घर आणि शाळा सोडून जायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे आमचा जीव टांगणीला लागलेला.

*

हाच प्रश्न संघ चालवणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांनी आम्हालाही विचारला होता. संघात कशाला येता, खरं सांगा म्हणाले. कोणीतरी देवाच्या वचनाचं नाव घेईल असं मला वाटलं. माझी मैत्रीण शांता उठली आणि म्हणाली, "घरी राहिलं का आई भांडे घासाले लावते."

पाळकसाहेब म्हणाले, बरं, मग आज चहाचे कप तू विसळ. पुढच्या शनिवारी ती तरीही आली!

*

एकदा आमची शास्त्राची, म्हणजे बायबलची, तयारी तपासायला बाहेरगावचे पाहुणे आले. काका मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. पाहुण्यांनी विचारलं, योना संदेष्ट्याला माशानं का गिळलं? मग चरोद्याचा विल्सन उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेत गार्ड.

"ड्युटी सोडून पळाला होता, सर."

"मग माशानं त्याला सोडलं कुठं?"

"ड्युटीवर."

पाहुण्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. काकांनी काही दिले नाहीत.

*

नाताळच्या नाटकात मेंढी हवी होती. मेंढी मिळेना, म्हणून जुनवानी गावाहून एक बकरी आणली. बकरीसोबत तिची मालकीणही आली. आम्ही म्हटलं, बाई, तुम्ही खाली बसा. ती छत्तीसगढीत म्हणाली, "मोर छेरी ल छोड़ के मैं नइ जावंव." बकरीला सोडून ती जाईना, उलट बकरीला धरून थेट गव्हाणीपाशी, मरियेच्या शेजारी बसली. योसेफाला सरकून घ्यावं लागलं. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की ही मेंढपाळीण आहे.

नाटक संपल्यावर काकांनी त्यांना गाठलंच. शास्त्रात मेंढपाळीण कुठं आहे, दाखवा.

"शास्त्रात नाही," पाळकसाहेब म्हणाले, "पण बकरी तिची आहे."

*

नाताळची गाणी म्हणत आम्ही घरोघर जायचो. सेक्टरमधले सगळे क्वार्टर एकासारखे एक. चुकून आम्ही मंडळीबाहेरच्या देशमुखांच्या दारात उभे राहिलो आणि दोन गाणी म्हणून मोकळे झालो. देशमुख नाईट शिफ्टला जायचे म्हणून झोपलेले. ते बनियनवर बाहेर आले. आता शिव्या पडणार, असं वाटलं. तर म्हणाले, "झालं? आता एक आमचं भजन बी होऊ द्या." आम्हाला एकही येत नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनीच डोळे मिटून सुरू केलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. देशमुखीणबाईंनी चिवडा दिला.

यावरून पंचमंडळात गदारोळ झाला. काकांनी विचारलं, तुम्ही भजन म्हटलंच कसं?

"पाठ होतं," पाळकसाहेब म्हणाले.

*

सभेच्या आदल्या शनिवारी पुरावा गोळा करायला काका स्वतःच शेडमध्ये आले. पाळकसाहेब एका आजाऱ्याकडे गेले होते आणि आम्ही शास्त्रपाठ उरकून कॅरम मांडला होता. झालं, सापडलो! काकांचा मुलगा सुमंतही शांता आणि विल्सनबरोबर खेळत होता. मॅट्रिकला नापास झाल्यापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. एका घरात राहून पाणीसुद्धा आईच्या मार्फत मागायचे. मला त्या बाईची फार दया यायची.

डावाला चौथा गडी नव्हता. शांताच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं स्ट्रायकर काकांच्या पुढं ठेवला. काकांनी बाह्या सरसावल्या. मग सुमंतच्या विरुद्ध खेळायला बसले. आम्हा दोघींना अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं, म्हणून शांतानं आपला डाव तेवढ्यात आलेल्या विल्सनच्या भावाला दिला आणि आम्ही निघालो. खेळ चालूच होता.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सभा भरली. आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो. अध्यक्षांनी विचारलं, वानखडे, काल काय पाहिलं ते मंडळीला सांगा.

"कॅरम."

अध्यक्ष म्हणाले, मग बंद करायचा ना संघ?

काका उठले.

"माहा पोट्टा माह्याशी बोलला," ते म्हणाले.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, काय बोलला?

"म्हणला, बाबा, चीटिंग नका करू."