तबकडीवरचा पदर आणि विजयाताई

विजयाताई कोठावदे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, खरे तेच लिहा. तेव्हा खरे लिहितो, पुढची जबाबदारी त्यांची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक लहानसा कारखाना होता. पेन, कीचेन, टोप्या, कप, भिंतीवरची घड्याळे अशा भेटवस्तूंवर आम्ही कंपन्यांची नावे आणि चिन्हे छापून देत असू. छपाई विभाग माझ्याकडे होता. एके दुपारी मी जेवायला बसलो होतो. डब्याचे झाकण निघते न निघते तोच एक बाई हातात पेन घेऊन थेट आत आल्या आणि म्हणाल्या, "हा मोर कोणी बुजवला?"

पेनावर त्यांनीच छपाईसाठी काढून दिलेले एका कंपनीचे चिन्ह होते, त्यात मोर होता आणि त्याच्या पिसाऱ्यातल्या बारीक रेघा शाईने भरून गेल्या होत्या. मोर कसला, कोंबडाच दिसत होता तो. मी मुळात तापट माणूस, त्यात भूक लागलेली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही सपाट कागदावर काढून मोकळ्या होता. आम्हाला गोल पेनावर छापायचं असतं. इतक्या बारीक रेघा नाही येत." आता या आमच्या मालकांकडे, शेठकडे तक्रार करणार, या तयारीत मी होतो. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मग कुठपर्यंत येतात, ते दाखवा."

माझा डबा त्या दिवशी तसाच राहिला. विजयाताई संध्याकाळपर्यंत यंत्राशेजारी उभ्या होत्या. जाड, मध्यम, बारीक अशा रेघा त्यांनी आमच्याकडून पेनावर छापून घेतल्या आणि कोणती टिकते, कोणती बुजते ते पाहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच मोर नव्याने काढून आणला. पिसे कमी केली होती, पण डौल तोच होता. तो छापून आला तेव्हा शेठनी मला विचारले की यंत्र दुरुस्त केले का. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

हे काम काय असते, ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. कंपनी चिन्ह देते आणि वस्तू छापून येते, एवढेच त्याला दिसते. पण मधे कोणालातरी त्या चिन्हाचे रंग वेगळे करावे लागतात, छपाईसाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र पारदर्शक फिल्म काढावी लागते, रेघा जाड करायच्या, मधल्या जागा उघड्या ठेवायच्या, आणि पेनावर जे चालेल ते टोपीवर चालणार नाही हे ध्यानात ठेवायचे. यालाच आम्ही आर्टवर्क म्हणतो. विजयाताईंनी हे काम शाईच्या पेनाने आणि ट्रेसिंग कागदावर सुरू केले. पुढे संगणक आले, तेव्हा त्यांच्या वयाच्या पुष्कळांनी हात टेकले. विजयाताईंनी तो शिकून घेतला, आणि शिकताना त्याच्याशी मोठ्याने बोलत, क्वचित रागावतही. फ्लॉपी घेऊन आमच्याकडे येत तेव्हा ती पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली असे.

संगणक आला तरी त्यांची एक जुनी सवय मात्र सुटली नाही. ज्या वस्तूवर छापायचे, ती हातात आल्याखेरीज त्या कामाला हात लावत नसत. कोणी नुसते माप सांगितले की त्यांचे ठरलेले उत्तर असे, "माप राहू द्या, आधी वस्तू दाखवा." मग खऱ्या आकारात कागदावर छाप काढून तो वस्तूवर चिकटवत आणि ती वस्तू घरी नेऊन वापरत. टोपी असेल तर कोणाच्या तरी डोक्यावर चढवत, कारण कागदावर सरळ दिसणारी ओळ कपाळावर आली की दोन्हीकडे खाली उतरते. कपाच्या बाबतीत तर त्यांनी आमच्या एका गिऱ्हाइकाशी वाद घातला होता. चिन्ह पिणाऱ्याच्या बाजूला हवे, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे. विजयाताई म्हणाल्या, "पिणाऱ्याला चहा दिसला की पुरे. चिन्ह समोर बसलेल्याला दिसू द्या." त्यांच्या घरी एकसारखे दोन कप कधीच मिळाले नाहीत. त्यांचे यजमान कोणत्यातरी पंपाच्या जाहिरातीतून चहा पीत आणि पाहुण्यांना बियाण्यांच्या कंपनीतून मिळे. यजमानांनी याबद्दल कधी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या घरावरही त्यांचे उपकार आहेत. माझी मुलगी दहावी झाली तेव्हा तिने विजयाताईंसारखे व्हावे, असे माझ्या डोक्यात बसले. मी तिला रंगपेटीसकट त्यांच्याकडे नेऊन सोडले. ताईंनी तिला एका रविवारी दिवसभर जवळ बसवले, दोघींनी खूप गप्पा मारल्या, आणि संध्याकाळी मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "भास्करराव, चित्रकला तुम्हाला आवडते, तिला नाही. तिला झाडांचं वेड आहे. सोडा तिला." मी दोन दिवस घुश्शात होतो. मुलीने मात्र सुटकेचा असा निःश्वास टाकला की तो शेजारी ऐकू गेला असावा. आज ती रोपवाटिका चालवते आणि आनंदात आहे. ताईंनी तेव्हा माझे मन राखले असते, तर मुलगी, मी आणि ताई, आम्ही तिघेही दुःखी झालो असतो.

पण विजयाताई म्हटले की मला पहिल्यांदा आठवते ती रामदासच्या घड्याळांची गोष्ट. हे दोन हजार सालानंतरचे.

रामदास हा वणीच्या रस्त्यावरच्या एका गावचा फुलशेती करणारा तरुण. झेंडू, शेवंती घेऊन तो नाशिकच्या बाजारात येत असे. त्याची आई वारून वर्ष होत आले होते. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना आईचा फोटो असलेली घड्याळे द्यावीत आणि एक घरात लावावे, असे त्याने ठरवले होते. तो विजयाताईंकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. उपरण्याच्या घडीतून त्याने एक लहानसा फोटो काढला. लग्नातल्या कोणत्यातरी समूहचित्रातून कापून काढलेला, अंगठ्याएवढा. नथ घातलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, गालावर गोंदणाचा ठिपका असलेली बाई.

"ताई, एवढाच फोटो हाये आईचा," रामदास म्हणाला. "आन् अन्नांना एवढं बारीक दिसत नाय. वडील माझे. लय गप झालेत. परवा म्हनले, रामदास, तिचा चेहरा डोळ्यापुढं येत नाय रे आता. म्हनून घड्याळच करू म्हनलं. येता-जाता टाइम बघतील, तिलाबी बघतील."

फोटो मागे ठेवायला तो तयार नव्हता. ताईंनी त्याच्यासमोर तो स्कॅन करून लगेच परत दिला. मग त्या अंगठ्याएवढ्या चित्रातून त्यांनी कित्येक दिवस खपून एक चेहरा उभा केला. डोळे, हसू, नथीचे मोती सगळे जपले.

आता चूक कशी झाली ते सांगतो. अशा घड्याळाची तबकडी पारदर्शक असते आणि चित्र तिच्या पाठीमागून छापतात. मागून छापायचे म्हणजे ते उलटे छापावे लागते, तेव्हा पुढून सुलटे दिसते. ही उलटापालट आमचा कारागीर फिल्म पालथी ठेवून करत असे. या खेपेस आमचे काम सोपे व्हावे म्हणून ताईंनी चेहरा पहिल्यापासून संगणकावरच उलटा ठेवून पाठवला, आणि ते आम्हाला सांगायचे मात्र राहिले. कारागिराने नेहमीप्रमाणे फिल्म पालथी ठेवली. दोघांनीही काळजी घेतली आणि दोघांच्या काळजीने मिळून चेहरा उलटा केला. आकडे आणि नाव पुढच्या बाजूने वेगळे छापले होते, ते ठीक होते. ताईंनी नमुनाही पाहिला, पण बाईंना त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि पडद्यावर रोज उलटाच चेहरा पाहून तोच डोळ्यांना सरावला होता. नमुना पास झाला. रामदासचा टेम्पो फुले उतरवून परत जाताना घड्याळांची खोकी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात फोन आला. विजयाताई बोलत होत्या. "भास्करराव, घड्याळं गेली का? त्या बाईंचा पदर उजव्या खांद्यावर आहे."

मी बाजूला टाकलेली एक तबकडी उचलून पाहिली. पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत, आणि गोंदणही दुसऱ्याच गालावर. ताई नात्यातल्या एका लग्नाला निघाल्या होत्या. आरशासमोर उभ्या राहून पैठणीचा पदर सारखा करताना त्यांना आरशातला आपला पदर दिसला, आणि हा खांदा आपण कुठे पाहिला, ते आठवले.

त्या रिक्षा करून तशाच पैठणीत अंबडला आल्या. शेठ त्यांना समजावू लागले. "एवढं काय मनावर घेता? नवीन छापू आणि कार्याच्या दिवशी गुपचूप बदलून देऊ. पदर कोण बघतंय? सांगायला गेलात की बोभाटा होईल."

"बदलून देऊच," ताई म्हणाल्या. "पण आत्ता त्या घरात भिंतीवर भलतीच बाई असेल, आणि अण्णा तिच्याकडे बघत असतील. मी सांगून येते."

लग्नाचा मुहूर्त चुकणार होता. मी तसे म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने जीपची किल्ली घेतली. रस्ताभर मला एकच चिंता होती, गावात आम्हाला कोणी काय काय बोलेल.

रामदास अंगणातच भेटला. घड्याळ काल संध्याकाळीच लावले होते. घरची सगळी मंडळी आई आली, आई आली म्हणत त्याच्यापुढे हात जोडून गेली होती. "पन अन्नांनी एकदा बघितलं," तो हळू आवाजात म्हणाला, "न् तवापास्नं बोललेच नायत. सकाळी भाकरीबी नाय खाल्ली."

अण्णा ओट्यावर घड्याळाकडे पाठ करून बसले होते. ताई पैठणीसकट त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "अण्णा, माझ्याकडून चूक झाली आहे. बाईंचा चेहरा उलटा छापला गेलाय. डावीकडचं सगळं उजवीकडे गेलंय."

अण्णांना नीट उमगले नाही. ताई उठल्या, भिंतीवरचे घड्याळ स्वतः उतरवले आणि रामदासला दाढीचा आरसा आणायला सांगितले. घड्याळ त्यांनी आरशासमोर धरले आणि म्हणाल्या, "आता घड्याळात नको, आरशात बघा."

अण्णा वाकले. डोळे बारीक करून त्यांनी आरसा अगदी जवळ घेतला. मग त्यांनी बोट आरशावर ठेवले, डाव्या गालावरच्या गोंदणावर.

"हां. ही हाये ती." आणि मग रामदासकडे वळून, जवळजवळ ओरडून, "म्हंजी मी इसरलो नाय तिला! तुमी समदे म्हनत व्हता आई आली, न् मला ती वळखूच येईना. म्हनलं, गेलं आपलं डोकं. चाळीस-पन्नास वर्साच्या संगतीचं मानूस, न् तोंडसुदीक ध्यानात राह्यलं नाय." ते हसत होते आणि डोळे पुसत होते. थोड्या वेळाने त्यांनी भाकरी मागितली आणि आम्हालाही बसवले. ताई घड्याळ हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि चेहरा मात्र हलका झाला होता. इतके सुटल्यासारखे मला आयुष्यात क्वचितच वाटले आहे. बोलणी खायला आलेला मी तिथे पोटभर जेवलो.

घड्याळे नवी छापून वेळेवर पोचली. त्यानंतर ताईंकडून येणाऱ्या चेहऱ्याच्या प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात 'नथ इकडे' असे लिहिलेले असे, मग चेहरा एखाद्या मिशीवाल्या संचालकांचा का असेना. आमच्या कारागिरांना त्याचे फार हसू येई, पण पुन्हा एकही चेहरा उलटला नाही.

मी पुष्कळदा विचार करतो. शेठ म्हणाले तसे घड्याळ गुपचूप बदलले असते, तर काम चोख झाले असते आणि कोणाला काही कळलेही नसते. अण्णा मात्र, आपण आपल्या बायकोला विसरलो, असेच मानून पुढचे दिवस काढत राहिले असते. ते त्यानंतर काही वर्षे जगले. रामदास सांगतो, त्यांना पुढे पुढे गावातली माणसे आठवेनाशी झाली, पण बायकोविषयी कोणी काही विचारले की छाती पुढे काढून म्हणायचे, "ते मला इचारा."

विजयाताईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाचा गौरव या ग्रंथात जाणकार मंडळी माझ्यापेक्षा चांगला करतीलच. मी यंत्रावरचा माणूस, माझे मागणे साधे आहे. त्यांची दृष्टी तेज राहो, प्रकृती ठणठणीत राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो. आणि या पुढच्या वर्षांत त्यांच्या हातून कधी काही चुकलेच, तर ते सांगायला त्या अशाच हातातले सगळे टाकून धावत येवोत.