चावीवरची काजळी

सिल्वासाच्या किलवणी नाक्यावर झुंबर चावीवाल्याचं नाव काढा, कुणीही बोट दाखवेल. शेजारी बसलेल्या कमळाबाईबद्दल विचारलंत तर म्हणतील, ती होय? ती त्याची बायको, बसते तिथं. खुद्द झुंबरही इतकी वर्षं तेच सांगत आला. माणसाचं हे असंच असतं बघा, काखेत कळसा नि गावाला वळसा.

दोघं साक्रीकडची. सिल्वासाला कंपन्या आल्या, कंपन्यांमागं माणसं आली, आणि जवळच्या नरोलीत एकेका भाड्याच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी चार-चार पोरं राहू लागली. कुलूप एक, चावी एक आणि झोपणारे चार! झुंबरचं दुकान त्यावरच उभं राहिलं. दुकान म्हणजे तरी काय, लिंबाखाली ताडपत्री, चावी आवळून धरायचा एक छोटा शेगडा, चार कानशी आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. मशीन त्यानं कधी घेतलंच नाही. "मशीनला बोटं असतात का?" असं वर तोंड करून विचारायचा.

कामाची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाची चावी कमळाबाईनं पणतीच्या ज्योतीवर धरायची आणि दात्यांवर काजळी चढवायची. मग झुंबर ती चावी आणि कोरी चावी शेजारी शेजारी शेगड्यात आवळून कोरी घासत जायचा. कानस जुनीच्या काजळीला नुसती शिवली की थांबायचं. पुढं रेटली तर नवीबरोबर जुनीही कामातून गेली. सगळं झालं की कमळाबाई जुनी चावी फडक्यानं पुसून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. बस्स, एवढंच तिचं काम.

दिवाळीनंतर झुंबरचा उजवा हात थरथरू लागला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कुलपांच्या चाव्या कशाबशा निभत होत्या, पण गाडीची चावी आली की "माल संपला" म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचा. मुलगा संजू आधीच मागं लागला होता, "बाबा, बंद करा आता हे, नरोलीला माझ्या खोलीवर येऊन बसा." हाताचं कळलं असतं तर पठ्ठ्यानं ताडपत्रीच गुंडाळून नेली असती. आणि खोलीवर बसून झुंबरनं करायचं काय, माश्या मारायच्या? त्या धास्तीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

त्यात एका दुपारी केतकी मॅडम आल्या. मूळच्या चिपळूणच्या, इथं शाळेत शिकवायच्या. हौसेनं जुनी गाडी घेतलेली आणि तिला चावी एकच.

"काका, मुलांना घेऊन दुधनीला सहलीला गेले होते. चावी गाडीतच राहिली नि दार लागलं. सगळा वर्ग बघतोय आणि मी दगडानं स्वतःच्याच गाडीची काच फोडतेय! शोरूमवाल्यानं दुसऱ्या चावीचा आकडा सांगितला, तो ऐकून गाडीच विकून टाकावीशी वाटली. तुम्ही स्वस्तात करून देता म्हणे."

"माल संपला," झुंबर म्हणाला.

"अहो, ही काय लटकतेय! अशीच तर आहे माझी."

झुंबरचं खोटं तारेला लटकत होतं. आता हात थरथरतो म्हणून कबूल करायचं की काम घ्यायचं? म्हातारा हट्टाला पेटला. "आणा इकडं," म्हणाला.

कमळाबाईनं काजळी धरली. झुंबरनं शेगडा आवळला, कानस उचलली आणि हात लागला थरथरायला. पहिला दाता कसाबसा झाला. दुसऱ्याला कानस अशी घसरली की कोरी चावी वाया गेली आणि मॅडमची एकुलती एक चावी थोडक्यात वाचली.

"सरका जरा," कमळाबाई म्हणाली.

"तू? अगं, गाडीची चावी आहे ती, बाजरीची भाकर नव्हे!"

"सरका म्हणते ना."

तिनं दुसरी कोरी चावी काढली, जुनीवर पुन्हा काजळी धरली आणि दोन्ही आवळल्या. मग कानस चालू लागली. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. काजळीजवळ आली की हात आपोआप हलका. झुंबर तोंड उघडं टाकून बघत राहिला. हे त्यानं कुणाला शिकवलं नव्हतं, संजूलासुद्धा नाही. तो हात त्याचाच होता! दिवाळीआधीचा, धडधाकट असतानाचा.

नवी चावी पहिल्यांदा मालकानंच फिरवायची, हा झुंबरचा नियम. मॅडम गाडीत बसल्या. चावी फिरली आणि गाडी सुरू झाली.

"मावशी, लोण्यासारखी फिरली हो!" मॅडम आतूनच ओरडल्या.

मॅडम गेल्यावर झुंबरनं हळूच विचारलं, "कधी शिकलीस गं?"

"तुमच्या चाव्या पुसता पुसता. कानस कुठं हलकी पडली, कुठं जड, सगळं काजळीत उमटतं. रोज बघत आले." ती फडक्याची घडी घालू लागली. "दिवाळीनंतर काजळी फाटलेली दिसायला लागली. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल, म्हणून थांबले."

झुंबरच्या मनात आलं, आपला हात आपल्यापेक्षा हिलाच जास्त ठाऊक, आणि आपण मात्र जगाला सांगत आलो, बसते तिथं.

तेवढ्यात नरोलीचा एक कामगार आला. "चार चाव्या, काका, जल्दी!" म्हणत त्यानं चावी झुंबरपुढं धरली. झुंबरनं ती घेतली. कानस उचलून त्यानं बायकोच्या पुढ्यात ठेवली, पणती स्वतःकडं ओढली आणि चावी ज्योतीवर धरली.

"अहो, इतकी जवळ नका धरू, बोटं भाजतील," कमळाबाई म्हणाली.

"मग शिकव की," झुंबर म्हणाला.